सेलमध्ये ‘वाचलेले’ पैसे: सुट्ट्यांच्या खरेदीत या चुका टाळा

सेल लागला की आपला प्रश्नच बदलतो. एरवी ‘मला हे हवंय का?’ असं आपण स्वतःला विचारतो. सेलमध्ये विचारतो, ‘केवढ्याला मिळतंय?’ सुट्ट्यांच्या खरेदीतल्या बहुतेक चुका या अदलाबदलीतून होतात.

खोडलेली किंमत खरी धरणे

मोठा आकडा काट मारून लिहिलेला आणि त्याखाली लाल अक्षरांत लहान आकडा. ही मांडणी काम करते, कारण आधी दिसलेल्या आकड्याला मन चिकटून बसतं. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आकड्यांचं एक चक्र फिरवलं जाई. ते 10 वर किंवा 65 वरच थांबेल अशी व्यवस्था केलेली होती. मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांनी 10 पाहिला त्यांचा अंदाज साधारण 25 टक्के निघाला, 65 पाहणाऱ्यांचा 45. चक्राचा आफ्रिकेशी काडीचाही संबंध नव्हता, तरी आकड्याने आपलं काम केलं. सेलमध्ये खोडलेली किंमत हेच काम करते.

शिवाय ती किंमत कधी खरोखर लागू होती का, हाही प्रश्न आहे. सेलच्या आधी भाव वाढवायचा आणि मग ‘सूट’ देऊन मूळ जागी आणायचा, हा प्रकार इतका बोकाळला की युरोपीय संघाने नियमच केला. 28 मे 2022 पासून तिथे सूट जाहीर करताना आधीच्या किमान 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. असा नियम नसेल तिथे ही नोंद आपणच ठेवायची: हवी असलेली वस्तू महिनाभर आधी पाहून तिच्या किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. किमतीचा इतिहास दाखवणाऱ्या वेबसाइटही आहेत, त्या वापरा.

दोष मात्र एकट्या दुकानदारांचा नाही. जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीने 2012 साली कूपनं आणि सततचे सेल बंद करून सरळ कमी किमती लावून पाहिल्या. गिऱ्हाईक पांगलं, त्या वर्षात विक्री सुमारे पाव हिश्शाने घसरली, पुढच्या वर्षी प्रमुख बदलले आणि सेल परत आले. सूट मिळाल्याचा आनंद आपल्याला वस्तूइतकाच हवा असतो, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून माझा आग्रह आहे की खर्चाच्या वहीत ‘वाचले’ असा रकाना ठेवूच नका. जी वस्तू घ्यायचीच नव्हती, तिच्यावर 60 टक्के सूट मिळाली तरी उरलेले 40 टक्के खिशातून गेलेलेच असतात.

टायमरला घाबरणे

‘फक्त 9 मिनिटं उरली’, ‘शेवटचे 2 नग’. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली सुमारे 11,000 खरेदी-संकेतस्थळं तपासली, तेव्हा दर नऊ-दहांमागे एकावर ग्राहकाला फसवणारी किंवा रेटणारी मांडणी सापडली. काही टायमर तर वेळ संपली तरी ऑफर तशीच ठेवत होते. ओळखायला सोपं आहे: तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तर घाई खोटी. घड्याळ खरं असलं तरी वस्तू कार्टमध्ये ठेवून एक रात्र जाऊ द्या. सकाळी तिची आठवणही आली नाही, तर उत्तर मिळालंच.

पैसे भरण्याआधी शेवटचं पान ओळ न ओळ वाचा. विमा, वाढीव वॉरंटी, भेटीचं वेष्टन अशा गोष्टींवर आधीच टिक केलेली असू शकते. मोफत घरपोचसाठी भलतीच वस्तू जोडू नका.

सारख्या नावाला भुलणे

टीव्हीसारख्या वस्तूंची काही मॉडेल्स खास सेलपुरती बनतात. नाव जवळजवळ तेच, पण एखादा पोर्ट कमी, पडदा हलक्या प्रतीचा. पूर्ण मॉडेल क्रमांक शोधा. त्यावर वर्षभरात कुणीच परीक्षण लिहिलं नसेल, तर सावध व्हा.

कार्डावर आणि हप्त्यांवर भिस्त

2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायची होती. क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा खूपच जास्त, जवळपास दुप्पट बोली लावली. नोटा हातातून जाताना जे खुपतं, ते कार्डावर जाणवत नाही. वेबसाइटवर साठवलेलं कार्ड काढून टाका. प्रत्येक वेळी सोळा आकडे टाकण्याचा कंटाळा इथे उपयोगी पडतो. हप्ता एकेकटा किरकोळ दिसतो, म्हणून चालू असलेले सगळे हप्ते एकाच कागदावर लिहा आणि बेरीज करा.

खरेदी झाली, आता पस्तावा होतोय?

आधी परतीची मुदत पाहा: ती खरेदीच्या दिवसापासून मोजतात की वस्तू हाती आल्यापासून? सेलचा माल परत घेतात का? पैसे परत मिळतात की दुकानातच खर्च करायचं क्रेडिट? निर्णय होईपर्यंत सील तोडू नका, खोकं टाकू नका. भेट देणार असाल, तर पावती सोबत द्या.

पण ‘नाही आवडलं तर परत करू’ म्हणून ढीगभर मागवू नका. परत गेलेली प्रत्येक वस्तू पुन्हा फडताळावर जात नाही. काही माल घाऊकात कवडीमोलाने विकला जातो, काही नष्ट केला जातो. न विकलेला माल नष्ट करण्याची सवय मोडायला फ्रान्सला 2020 मध्ये कायदा करावा लागला.

मुलांच्या बाबतीत मला हे सगळ्यात जास्त बोचतं. भेट किती मोठी, त्यावरून माया मोजायला आपण त्यांना शिकवतो आहोत. यंदा यादी करताना त्यांना सोबत बसवा, प्रत्येकासाठी एकच वस्तू ठरवा, आणि ती का निवडली हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.