मृगाआधी: मालवाहू गाडीचा जाम झालेला मागचा एक्सल शाफ्ट काढताना

भाजीपाला, खत वाहणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकातून तेल झिरपत असेल, तर सील पाऊस लागायच्या आत बदला. अडतं ते शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा एक्सलमधला दांडा, निघत नाही म्हणून.

ही पद्धत फुल फ्लोटिंग एक्सलची. चाकाच्या मधोमध नटांनी आवळलेला गोल फ्लँज दिसतो, तो हाच. यात वजन हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर असतं, म्हणून शाफ्ट काढायला चाक काढायची गरज नाही. गाडी रिकामी करून सपाट जागी लावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड द्या. एक शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळते.

नट ज्यांवर बसतात त्या स्टडभोवती चिरलेले कोन (चीर असलेल्या शंकूसारख्या कड्या) असतील, तर तेच गंजून धरतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी नट दोन-तीन आटे सैल करा, पण काढू नका, कारण कोन उडतात. मग पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) फ्लँजच्या मधोमध धरून घणाचा एकच दणका द्या. वीस हलक्या टोल्यांनी जे होत नाही ते एका जोरकस घावाने होतं. कोन सुटले की नट काढा. फ्लँजला आट्यांची दोन जादा भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा, फ्लँज सरळ बाहेर येतो.

फटीत छिन्नी घालू नका. पॅकिंगची जागा ओरखडली की तेल झिरपतं. गॅसने तापवणंही नको, आत तेल आणि रबरी सील आहे.

शाफ्ट चार बोटं येऊन अडला, तर बहुधा जादा भाराने स्प्लाइन (शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या लांब खाचा) पिळल्या आहेत. बाहेर काढल्यावर रेषा तिरक्या दिसल्या तर तो शाफ्ट पुन्हा बसवू नका. आत तुटला असेल तर मात्र काम मेकॅनिकचं: तुकडा आणि कीस निघेपर्यंत गाडी चालवायची नाही.

बसवताना कोन घासून साफ करा, पॅकिंग व सील नवं घाला, नट समोरासमोरचे आवळा आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा तपासा. जुनं गिअर तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, सगळं बदला. हाउसिंगवरचा (एक्सलच्या बाहेरच्या कवचावरचा) ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं तोंड, चिखलाने बुजलेला असला, की तापलेला एक्सल ओढ्यात उतरताच सीलमधून पाणी ओढतो. तो तारेने मोकळा केल्याशिवाय नवं सील टिकणार नाही.