ऑटोमॅटिक बस गिअर उशिरा घेते? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

जुन्या डिझेल बसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन गोष्टींवर चालतो: ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर किती दाबलाय आणि गाडी किती वेगात आहे. या दोन्हींचा मेळ घालून तो गिअर बदलतो. यातली एक खबर जरी चुकीची पोचली, तरी आतल्या क्लच प्लेटी धडधाकट असूनही गाडी झटके देते, उशिरा गिअर घेते किंवा वरचा गिअर घेतच नाही. म्हणून आधी खबर तपासायची, मग गिअरबॉक्स. उलट क्रमाने गेलात तर ओव्हरहॉलचा खर्च होतो आणि गाडी तोच दोष घेऊन पुन्हा पिटवर येते.

ड्रायव्हरला नेमकं विचारा. ‘गिअर पडत नाही’ एवढ्यावर भागत नाही. कोणता गिअर, वरचा घेताना की खालचा, पाय अर्धा होता की पूर्ण, गाडी थंड होती की दोन फेऱ्या मारून तापलेली? थंडपणी ठीक आणि तापल्यावर घसरते, म्हणजे ऑइल पातळ झाल्यावर कुठेतरी दाब गळतोय. सकाळी लिव्हर डी म्हणजे ड्राइव्हवर टाकल्यावर उशिरा पकडते आणि तापल्यावर सुधारते, तर कडक झालेल्या सीलचा संशय आधी घ्या.

आता ऑइल. गाडी सपाटीवर, हँडब्रेक लावलेला, चाकांना ठोकळे, इंजिन आयडलवर आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये. पक्की पातळी ऑइल गरम असतानाच कळते. ॲलिसन कंपनीच्या जुन्या एटी आणि एमटी मालिकेतल्या गिअरबॉक्सना 71 ते 93 अंश सेल्सिअस लागतं. तापल्यावर ऑइल फुगतं, त्यामुळे थंड गाडीत ‘हॉट’च्या खुणेपर्यंत भरलं तर ते जास्त होतं. कमी ऑइलमध्ये पंप हवा ओढतो. जास्त झालं तर फिरते गिअर ते घुसळून फेस करतात. दोन्हींत दाब पडतो आणि तक्रार सारखीच दिसते. म्हणून डिपस्टिक न बघता ‘एक लिटर टाकून बघू’ हा उपाय करू नका.

थेंबभर ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. काळपट आणि जळका वास असेल तर प्लेटी भाजल्या आहेत. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि मुंबईत याचं उत्तर दोन ठिकाणी शोधावं लागतं. पावसाळ्यात हिंदमाता किंवा गांधी मार्केटच्या पाण्यातून गाडी गेली, तर तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या तोंडातून) पाणी आत ओढतो. दुसरं ठिकाण ऑइल कूलर. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल किंवा त्यावर तेलाचा तवंग असेल, तर कूलर आतून फुटलाय. तो न बदलता ऑइल बदलणं म्हणजे ऑइल फुकट घालवणं. कूलंट प्लेटींचं अस्तर सोडवतं, त्यामुळे अशी गाडी ‘आजची फेरी मारू दे’ म्हणून सोडू नये.

पुढे ॲक्सिलरेटरची खबर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने डिझेल पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघायचं. झिजलेले बुश, ढिला लिंक किंवा पेडलखाली दुमडलेली मॅट एवढ्यानेही लिव्हर अर्ध्यात थांबतो. तो बरोबर झाल्यावरच मॉड्युलेटर केबल, म्हणजे पेडल किती दाबलंय ते गिअरबॉक्सला सांगणारी केबल, सेट करा. आधी केलेली सेटिंग पुन्हा करावी लागते. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून बऱ्याच जुन्या बसमध्ये हे काम केबल करते. केबल फुल पेडलच्या जागी अडकली तर गिअर उशिरा आणि जोरात पडतात. आयडलच्या जागी अडकली तर लवकर पडतात आणि चढावर इंजिन दबतं. इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सात हेच काम सेन्सर करतो. मल्टिमीटर लावून पेडल हळूहळू दाबा; व्होल्टेज मध्येच उडी न मारता सरळ चढलं पाहिजे.

इंजिनही बघा. चोक झालेला डिझेल फिल्टर किंवा टर्बोचा फाटलेला होज असेल तर ड्रायव्हर पूर्ण पाय दाबून चालवतो. मग गिअर उशिरा पडतात आणि बोल गिअरबॉक्सला लागतो.

वेगाची खबर गव्हर्नर देतो, इलेक्ट्रॉनिकमध्ये स्पीड सेन्सर. गव्हर्नर अडकला किंवा त्याची बारीक जाळी कचऱ्याने चोंदली तर गाडी पहिल्यातच राहते. जाळी साफ करणं हे काही मिनिटांचं काम आहे, ते आधी करा.

वायरिंगला समुद्राची खारी हवा खाते. इंजिन चालू असताना मीटरची एक पिन गिअरबॉक्सच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आर्थिंग खराब. वायरी जोडणारे कपलर उघडून हिरवट पिना शोधा.

मग रोड टेस्ट, पहाटे, रस्ता मोकळा असताना. हलक्या, अर्ध्या आणि पूर्ण पायाने तीन चकरा मारा. प्रत्येक गिअर किती किलोमीटरला आणि किती आरपीएमला पडला ते लिहा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडा. सगळेच गिअर सारखे उशिरा पडत असतील तर दोष खबरीत. एकच गिअर घसरत असेल तर त्या क्लचमध्ये किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये.

दाबाचं गेज लावलं की उरलेला प्रश्न सुटतो. सगळ्या गिअरमध्ये दाब कमी असेल तर फिल्टर, पंप किंवा रेग्युलेटर. एकाच गिअरमध्ये कमी असेल तर त्या क्लचचं सील. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गिअर लावून, गाडी जागेवरच ठेवून पूर्ण रेस देणं) कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तरच करा: गाडीच्या पुढे-मागे माणूस नको, 30 सेकंदांच्या आत पाय काढायचा आणि लगेच न्यूट्रलमध्ये थोडी रेस ठेवून ऑइल थंड होऊ द्यायचं. आरपीएम ठरल्यापेक्षा 150 हून जास्त चढलं तर क्लच घसरतोय. तेवढंच कमी राहिलं तर आधी इंजिन बघा.

यानंतरच गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं चेंबर उतरवा. तळाशी बारीक काळी भुकटी थोडी असतेच. धातूचे चकचकीत तुकडे किंवा अस्तराच्या खपल्या निघाल्या, तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. त्याबरोबर कूलर आणि त्याचे पाइपही धुवून घ्या, नाहीतर तोच कचरा नव्या प्लेटींत जातो.

गाडी रस्त्यात बंद पडली तर ओढण्याआधी गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडवा. इंजिन बंद असताना ऑइल पंप फिरत नाही, पण चाकांमुळे आतले भाग फिरत राहतात आणि डेपोपर्यंतच्या ओढाओढीत कोरडे घासतात.