होडीची ट्रोलिंग मोटर: २४ व्होल्टचा नाद आणि इतर चुका

नाथसागरावर (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) दुपारचा वारा सुटला की १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीला लावायची बॅटरीवरची छोटी मोटर, कमी पडल्यासारखी वाटते. मग कुणीतरी सल्ला देतंच: "दुसरी बॅटरी सिरीजमध्ये (एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस) जोड, डबल पळंल." जोडू नका. १२ व्होल्टच्या मोटरला २४ व्होल्ट दिले की पंख्याचे फेरे वाढतात आणि त्याच्यावरचा भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. करंट दुपटीच्या वर जातो आणि वाइंडिंगमधली (आतल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता चौपटीच्या पुढे. कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात, ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर काळा पडतो. मोटर पाण्यात असल्याने थंडच राहते, हा समज बाहेरच्या कवचापुरता खरा आहे. आर्मेचर, म्हणजे फिरणारा गाभा, आतल्या हवेत फिरतं आणि तिथंच तापतं. एवढं सोसून पदरात काय? पाण्याला टेकलेली लांबी ३ मीटर असलेली होडी ताशी ८ किलोमीटरच्या आसपास स्वतःच्याच लाटेत अडकते. त्यापुढे ओतलेली ताकद लाटा उठवण्यात जाते.

खरी गळती बहुतेक वेळा वायरीत असते. ५५ पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास ओढते. बॅटरी ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर ६ मीटर होते. विहिरीच्या मोटरची उरलेली २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) चपटी केबल वापरली तर वाटेतच सव्वादोन व्होल्ट गळतात, म्हणजे ११० वॅट नुसती केबल तापवायला. १६ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीत हीच गळती ०.३५ व्होल्टवर येते. तालुक्याला मिळणारी वेल्डिंग केबल यासाठी उत्तम: जाड, लवचिक, पाण्याला दाद न देणारी. फक्त घेताना टोक खरवडून बघा, आत ॲल्युमिनियम निघालं तर परत करा. वायरीच्या टोकाचं थिंबल पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंग टूलनेच दाबा आणि वरून स्लीव्ह चढवा. मोटर पाण्यात फुल स्पीडला चालू असताना मल्टीमीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग मोटरच्या डोक्याशी लावा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर मोटरला दोष देण्याआधी सगळे जोड उघडून पाहा. ६० अँपिअरचा डीसी फ्यूज किंवा ब्रेकर प्लसच्या वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. घरातली एमसीबी इथे नको.

बॅटरीच्या बाबतीत इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर लोकप्रिय आहे, कारण ती घरात असतेच. पण तो आकडा २० तासांच्या हिशेबाचा, म्हणजे साडेसात अँपिअरचा. ५० अँपिअरला तिचा तीन तासांचा नाही, दीड तासाचा हिशेब धरा. त्यात वजन ५० किलोच्या वर आणि होडी कलली की ॲसिड सांडण्याची भीती. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोची असून जवळजवळ तेवढंच काम करते. फक्त तिचा बीएमएस (आतलं संरक्षण सर्किट) १०० अँपिअरचा घ्या; ५० चा असेल तर पंख्यात जलपर्णी अडकताच बॅटरी बंद पडते आणि तुम्ही मधोमध वल्ह्याविना. चार्जर १४.६ व्होल्टला थांबणारा हवा. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत निवू द्या.

आता पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग बदलणारा डबा. पुढे पाच आणि मागे तीन गिअर असलेल्या जुन्या मोटरींमध्ये कमी स्पीडला जादा वीज कॉइलमध्ये जाळली जाते. तिथे पीडब्ल्यूएमने बॅटरी बरीच जास्त टिकते, कारण अर्ध्या वेगाला साधारण आठव्या हिश्शाचीच ताकद लागते. फुल स्पीडला मात्र काडीचा फरक पडत नाही. नेहमीची चूक अशी की कंट्रोलर बसवल्यावरही जुना नॉब २ किंवा ३ वर ठेवतात. मग कॉइल मध्येच राहते आणि सगळा खटाटोप वाया जातो. पुढे जाताना नॉब कायम ५ वर ठेवा आणि वेग कंट्रोलरने बदला. रिव्हर्सला जाण्याआधी कंट्रोलर शून्यावर आणा. ५० अँपिअरच्या मोटरला ८० ते १०० चा कंट्रोलर घ्या. स्वस्त मॉड्यूलवर छापलेला आकडा सलग चालवण्याचा नसतो. हीटसिंक डब्याच्या बाहेर, सावलीत राहू द्या.

सर्वांत मोठा शत्रू तंगूस. जाळ्याचा धागा पंख्यामागे गुंडाळला जातो, ऑइल सील कापतो आणि पाणी आत शिरतं. चार-पाच फेऱ्यांनी पंखा काढून शाफ्ट पुसा. पंख्याचा नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस्स. पंखा शाफ्टला अडकवणारी ड्राइव्ह पिन हरवली म्हणून खिळा ठोकू नका, तो गंजतो आणि पुढच्या वेळी पंखा निघत नाही. नवीन सील व्हर्नियरने मोजून घ्या आणि जुन्याची ओठाची दिशा काढण्याआधीच लिहून ठेवा.

पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली किमान १५ सेंटिमीटर असावं, नाहीतर तो हवा ओढतो. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडालेले बाभळीचे खुंट वर येतात, तेव्हा शाफ्ट वर घ्या. मोटर, माणूस आणि बॅटरी तिन्ही मागे बसवले की नाक वर उठतं. बॅटरी पुढे सरकवा आणि तेवढी वायर एक साइझ जाड घ्या. फायबरच्या पातळ पाठीला २५ मिलिमीटरची सागवानी फळी दोन्ही बाजूंनी लावून स्टीलचे आरपार बोल्ट टाका, स्क्रू नकोत.

मोटर फक्त ५ वर चालते आणि खालच्या गिअरांना गप्प राहते? कॉइल जळाली. नुसता आवाज येतो आणि फिरत नाही? आधी पंखा हाताने फिरवून बघा, मोकळा असेल तर ड्राइव्ह पिन आणि ब्रश दोन्ही तपासा. पाणी शिरल्याची शंका असेल तर बॅटरी सोडवून मोटरची एक वायर आणि धातूचं अंग यांमध्ये मल्टीमीटर रेझिस्टन्सवर लावा. काटा किंवा आकडा हललाच तर मोटर उघडायची वेळ झाली. विहिरीच्या मोटरी भरणारा कारागीर सील आणि बेअरिंगचं काम नीट करतो. पण ही परमनंट मॅग्नेटची डीसी मोटर आहे, हे त्याला उघडण्याआधी सांगा, नाहीतर मॅग्नेटवर हातोडा पडतो.