संगीतयंत्रांची सॉफ्टवेअरे सोर्सवरून कंपाइल करताना या चुका टाळा

फोकसराइट स्कार्लेटसारखा ऑडिओ इंटरफेस किंवा एलेक्ट्रॉन डिजिटाक्टसारखे यंत्र लिनक्सला जोडायचे ठरवले, की कंपनीचे नियंत्रण-सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकपुरतेच आहे हे लवकरच कळते. ही उणीव स्वतंत्र प्रोग्रामरांनी बऱ्याच अंशी भरून काढली असून स्कार्लेटसाठी ‘अल्सा स्कार्लेट जीयूआय’, तर एलेक्ट्रॉनच्या यंत्रांसाठी ‘ओव्हरविच’ आणि ‘एलेक्ट्रॉइड’ ही मुक्त सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत. मात्र आपल्या डिस्ट्रोत (उबुंटू, फेडोरा, आर्च अशा लिनक्सच्या प्रकारात) त्यांचे तयार पॅकेज असेलच असे नाही, आणि असले तरी ते नव्या यंत्राला ओळखण्याइतके ताजे नसू शकते. तेव्हा सोर्सवरून, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ कोडवरून, चालणारे सॉफ्टवेअर आपणच तयार म्हणजे कंपाइल करावे लागते. (पॅकेज आहे का, हे न पाहताच सोर्स उतरवून घेणे ही खरे तर पहिली चूक आहे.)

पुण्यात एकत्र वाजवणाऱ्या चार जणांत उबुंटूवाला, हिंजवडीच्या नोकरीमुळे फेडोराची सवय लागलेला आणि हट्टाने आर्च वापरणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असे तिघे सहज सापडतात. एकाच्या लॅपटॉपवर चाललेली आज्ञा व्हॉट्सअ‍ॅपवरून दुसऱ्याकडे जाते, ती तिथे चालत नाही, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रत्यक्षात अशा अडचणींपैकी फार थोड्या मूळ कोडमधल्या असतात. बहुतेक वेळा तेच सामान वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा वेगळ्या परवानगीने ठेवण्याची त्या त्या डिस्ट्रोची रीत आडवी आलेली असते.

हेडर फाइलींचा घोळ

कंपाइलपूर्वी लागणारे सामान तपासणारी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट चालवल्यावर ‘नो पॅकेज जॅक फाउंड’ असा संदेश आला, की अनेक जण जॅक (प्रोग्रामांमध्ये आवाज पोहोचवणारी ध्वनिप्रणाली) पुन्हा इन्स्टॉल करतात आणि तोच संदेश पुन्हा पाहतात. या संदेशाचा अर्थ जॅक नाही असा नसून, कंपाइल करण्यासाठी लागणारी जॅकची हेडर फाइल (त्याच्या लायब्ररीतील फंक्शनांची यादी) आणि लायब्ररी शोधणाऱ्या ‘पीकेजी-कॉन्फिग’ला वाट दाखवणारी छोटी ‘पीसी’ फाइल सापडली नाही, असा आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये या फाइली ‘डेव्ह’ने संपणाऱ्या वेगळ्या पॅकेजात असतात, फेडोरा आणि ओपनसुसेमध्ये त्याच ‘डेव्हेल’ने संपणाऱ्या पॅकेजात असतात, तर आर्चमध्ये त्या मूळ पॅकेजातच येतात. त्यामुळे अल्सा या लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेसाठी उबुंटूवर ‘लिबएसाउंड२-डेव्ह’, फेडोरावर ‘अल्सा-लिब-डेव्हेल’ आणि ओपनसुसेवर ‘अल्सा-डेव्हेल’ मागावे लागते. नुसता शेवट बदलून नाव अंदाजाने टाकले तर ते चुकण्याचीच शक्यता अधिक.

अंदाज करण्याची गरजही नाही. फेडोरावरील ‘डीएनएफ’ आणि ओपनसुसेवरील ‘झिपर’ या दोन्ही पॅकेज-व्यवस्थापकांना पॅकेजचे नाव न देता ‘पीकेजीकॉन्फिग’ शब्दापुढे कंसात ‘जॅक’ असे लिहून इन्स्टॉल करायला सांगता येते. योग्य पॅकेज ते स्वतः शोधतात. डेबियन-उबुंटूवर ‘एपीटी-फाइल’ने आणि आर्चवर ‘पॅकमॅन’च्या मोठ्या एफच्या पर्यायाने हवी ती फाइल कोणत्या पॅकेजात आहे हे कळते. ही सवय एकदा लागली, की माहितीपत्रकात आपल्या डिस्ट्रोचा उल्लेख नसला तरी अडत नाही.

आर्चवाल्यांची एक वेगळी खोड आहे. पॅकेजांची यादी ताजी करून, पूर्ण प्रणाली अद्ययावत न करता, तेवढे एकच पॅकेज घेतले की जुन्या आणि नव्या लायब्ररींची सरमिसळ होते, आणि मग कंपाइल केलेले सॉफ्टवेअरच काय, कालपर्यंत चालणारेही बंद पडू शकते.

सोर्स कुठून घेतला, कुठे ठेवला

गिटहबवरून झिप उतरवणे सोपे वाटते, पण ज्या प्रकल्पांत सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे प्रकल्प) असतात त्यांच्या झिपमध्ये ते फोल्डर रिकामेच येतात. म्हणून ‘गिट क्लोन’ला ‘रिकर्सिव्ह’ जोडून सोर्स घेणे चांगले. तो सोर्स पेनड्राइव्हवर किंवा विंडोजच्या विभाजनात ठेवू नये, कारण तिथे फाइल चालवण्याची परवानगी आणि दुवे नीट राहतीलच याची खात्री नसते. फोल्डरच्या नावात मोकळी जागाही नसावी. कंपाइल घडवून आणणाऱ्या ‘मेक’ला ती पचत नाही.

पुणेकरांच्या ओळखीचा आणखी एक प्रसंग म्हणजे गुरुवारी दुरुस्तीसाठी जाणारी वीज. डेस्कटॉपवर कंपाइल सुरू असताना वीज गेली, तर एखादी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला एक तुकडा) अर्धवट किंवा शून्य बाइटची राहते आणि ‘मेक’ तिची फक्त वेळ पाहून ती तयार आहे असे समजते. नंतर हे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने ‘फाइल ट्रंकेटेड’ अशी तक्रार केली तर कोडमध्ये दोष शोधत बसू नये. ‘मेक क्लीन’ करून पुन्हा सुरुवात करावी. डिस्ट्रोची नवी आवृत्ती घेतल्यानंतरही जुना बिल्ड फोल्डर वापरू नये. बिल्डच्या साधनांपैकी मेसॉनमध्ये त्यासाठी ‘वाइप’चा पर्याय आहे; सीमेकचा बिल्ड फोल्डर सरळ पुसून टाकावा.

इन्स्टॉल झाले, पण उघडत नाही

रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने आज्ञा चालवणारा ‘सुडो’ फक्त इन्स्टॉल करताना वापरावा. संपूर्ण ‘मेक’च ‘सुडो’ने चालवले, तर सोर्सच्या फोल्डरातील फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी साध्या ‘मेक’ला त्या बदलता येत नाहीत.

सोर्सवरून केलेले इन्स्टॉल सहसा ‘यूएसआर’खालील ‘लोकल’ फोल्डरात जाते. डेबियन आणि उबुंटू तिथल्या लायब्ररी शोधतात. फेडोरा मात्र आपणहून शोधत नाही, आणि ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ असा संदेश येतो. अशा वेळी ‘ईटीसी’मधील ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ फोल्डरात एक छोटी फाइल करून तिच्यात लायब्ररीचा मार्ग लिहावा आणि ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवावे. तो मार्ग ‘लिब’चा आहे की ‘लिब६४’चा, हे इन्स्टॉलच्या वेळी टर्मिनलवर उमटलेल्या ओळींतून पाहून घ्यावे. सोर्सचा फोल्डर मात्र जपून ठेवावा, कारण प्रकल्पात सोय असेल तर ‘मेक अनइन्स्टॉल’ तिथूनच करता येते.

यंत्र दिसत नाही

सर्वाधिक वेळ इथेच जातो, कारण कंपाइल निर्दोष झालेले असते आणि तरीही खिडकी रिकामी असते. प्रथम ‘एलएसयूएसबी’च्या यादीत यंत्र आहे का ते पाहावे. नसेल तर केबल बदलावी. केवळ चार्जिंगसाठी केलेल्या यूएसबी केबल बाजारात भरपूर आहेत आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत.

यादीत यंत्र असूनही परवानगी नाकारली जात असेल, तर प्रश्न जोडलेल्या यंत्रांच्या परवानग्या ठरवणाऱ्या युडेव्हच्या नियमाचा असतो. इंटरनेटवर मिळणारे अनेक नियम यंत्र ‘प्लगडेव्ह’ या गटाला देतात. हा गट डेबियन-उबुंटूवर असतो, पण फेडोरा किंवा आर्चवर सहसा नसतो, त्यामुळे नियम तिथे निरुपयोगी ठरतो. ‘यूअ‍ॅक्सेस’चा टॅग वापरणारा नियम सर्वत्र चालतो, मात्र त्याच्या फाइलच्या नावातील आकडा ७३ पेक्षा कमी हवा, कारण तो टॅग ७३ क्रमांकाच्या फाइलमध्ये वाचला जातो. सवयीने ९९ आकडा दिलेला नियम अगदी बरोबर लिहिलेला असूनही काम करत नाही. नियम बदलल्यावर ‘युडेव्हअ‍ॅडम कंट्रोल’ने तो पुन्हा वाचायला लावावा आणि यंत्राची केबल काढून परत जोडावी.

या त्रासाला कंटाळून सॉफ्टवेअरच ‘सुडो’ने उघडण्याचा मोह होतो. तसे केल्यास यंत्र सापडते खरे, पण आपल्या लॉगिनखाली चालणाऱ्या पाइपवायर या ध्वनि-सर्व्हरशी रूटची गाठ सहसा पडत नाही आणि आवाज येत नाही. जॅकसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर उबुंटू २४.०४ वर सर्व्हर सापडत नाही असे सांगत असेल, तर ‘पाइपवायर-जॅक’ पॅकेज आहे याची खात्री करून ते ‘पीडब्ल्यू-जॅक’मार्फत चालवून पाहावे.

स्कार्लेटच्या बाबतीत कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती पाहणे अपरिहार्य आहे, कारण खिडकीतील बटणे कर्नलमधील ड्रायव्हर जे दाखवतो त्यावरच उभी असतात. चौथ्या पिढीच्या सोलो, २आय२ आणि ४आय४ साठी ६.८ किंवा त्यापुढचा कर्नल लागतो. डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१ आहे, तेव्हा तिथे सॉफ्टवेअर कितीही वेळा कंपाइल केले तरी उपयोग नाही. बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजे ठेवणाऱ्या भांडारातून) नवा कर्नल घ्यावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या यंत्रांसाठी ६.७ पूर्वीच्या कर्नलवर ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ मॉड्यूलला ‘डिव्हाइस-सेटअप’चा पर्याय १ असा द्यावा लागे, ६.७ पासून ती गरज राहिली नाही. याशिवाय नवे कोरे स्कार्लेट बऱ्याचदा पेनड्राइव्हसारखे दिसण्याच्या अवस्थेत येते आणि ती अवस्था बंद केल्याखेरीज त्याची पूर्ण नियंत्रणे मिळत नाहीत.

एवढे करूनही अडले आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर टर्मिनलची शेवटची ओळ पाठवू नये. ‘मेक’ची शेवटची ओळ नेहमी केवळ ‘एरर’ आणि एक आकडा सांगते. खरे कारण वर, पहिल्या ‘एरर’जवळ असते. त्या ओळीसोबत डिस्ट्रोची आवृत्ती आणि ‘यूनेम’ने दिलेली कर्नलची आवृत्ती लिहावी.