मोठ्या हॉटेलात चहाला जाताना: लिंबू आणि दूध एका कपात नको

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात मी काम करते. परदेशी गिऱ्हाईक आलं की शेठ त्यांना दुपारी मोठ्या हॉटेलात चहाला नेतात आणि कागदपत्रं घेऊन मला मागून जावं लागतं. पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांचं बघून दार्जिलिंग मागवला. शेजारी लिंबाच्या चकत्या होत्या, त्यातली एक कपात टाकली. चहा अगदीच पाणीदार लागला म्हणून वरून दूध ओतलं. बघता बघता कपात पांढऱ्या कण्या तरंगायला लागल्या. पाहुण्याने मान दुसरीकडे वळवली. मी मुकाट्याने तो फाटलेला चहा पिऊन टाकला.

त्यानंतर बघत बघत शिकले, आणि यंदा मे महिन्यात मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे आमच्या ताईंना, घेऊन गेले. एकाच स्वयंपाकघरात आम्ही एकवीस वर्षं चहा केला, पण दोघींनी बसून कुणीतरी आणून दिलेला चहा प्यालाय, असं कधी झालं नव्हतं.

पहिलं काम, आदल्या दिवशी फोन. सोलापुरात नुसतं जाऊन बसलं की चहासोबतच्या खाण्याचा तीन मजली ताटल्यांचा स्टँड समोर येईलच असं नाही. आणि ‘हाय टी आहे का?’ एवढंच विचारू नका. आपल्याकडे मीटिंगच्या मधल्या सामोसा-केकलाही हाय टीच म्हणतात. खरं तर विलायतेत हाय टी म्हणजे कामगाराचं संध्याकाळचं जेवण, गिरणीचा भोंगा झाल्यावर घरी येऊन टेबलाशी बसून केलेलं. नाजूक सँडविचवाला तो आफ्टरनून टी. तो १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांच्यामुळे रूढ झाला असं सांगतात. रात्रीचं जेवण उशिरा, मग चार वाजता पोटात कावळे ओरडणारच. आपण चिवडा काढतो, त्यांनी सँडविच काढलं.

म्हणून फोनवर सरळ विचारा: सँडविच, स्कोन (जॅम-क्रीम लावून खायचा भाजलेला विलायती प्रकार), पेस्ट्री असा स्टँड मिळेल का? दर माणशी की स्टँडला? अंडं घातलंय का? ताई अंडं खात नाहीत, आणि स्कोनवर बऱ्याचदा अंड्याचा हात फिरवलेला असतो, तो दिसत नाही. टॅक्सही विचारून घ्या. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे, तिथे खाण्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, एरवी ५ टक्के.

दुपारचं जेवण अर्धी भाकरी. साडी साधी, पण सोबत शाल घ्या. बाहेर बेचाळीस अंश आणि आत हुडहुडी. रिक्षा थेट पोर्चपर्यंत न्यायची. गेटवर रिक्षावाला कचरतो, तेव्हा ‘टेबल बुक आहे’ म्हणायचं.

बसल्यावर नॅपकिन मांडीवर. मी आधी तो उलटा करून कडेची शिलाई बघते, ही आमची धंद्याची खोड, तुम्ही नका करू.

आता चहा. उकळलेल्या चहाची सवय असेल तर आसाम मागवा, त्याला दूध पेलतं. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातली पहिली खुडणी, नुसताच प्यायचा. अर्ल ग्रेला बर्गामोट या लिंबाच्या भाऊबंदाच्या सालीचा वास असतो. ताईंनी हुंगून ‘साबण गं’ म्हटलं. किटली आली की लगेच ओतू नका, तीन-चार मिनिटं थांबा, मग गाळणी कपावर धरून ओता. पुढचा कप कडू होत चालला तर गरम पाणी मागा, त्याचे पैसे लावत नाहीत. आणि दूध तरी, नाहीतर लिंबू तरी.

स्टँड खालून वर खायचा: तळाला सँडविच, मध्ये स्कोन, वर गोड. सँडविच हातानेच खायचं. स्कोनपाशी मात्र सगळे अडखळतात. ताईंनी तो दाबून पाहिला. “अगं, हा ना पाव, ना नानकटाई.” बरोबरच आहे. तो सुरीने केकसारखा उभा कापायचा नाही. मधोमध चीर दिसते, तिथे दोन्ही अंगठे लावून आडवा उकलायचा. गरम असेल तर आतून वाफ येते. मग एकेका अर्ध्यावर जॅम आणि क्रीम. डेव्हनचे लोक आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलचे आधी जॅम, आणि त्यावरून त्यांच्यात वाद आहे. खरं क्लॉटेड क्रीम मंद आचेवर धरलेल्या दाट सायीसारखं असतं. आम्हाला फेटलेलं क्रीम मिळालं. ताई म्हणाल्या, “माझ्या पातेल्यातली साय आणली असती की.”

दुसऱ्या कपाला ताईंनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. वेटर तरणा होता, हसू दाबत उभा. मीही बशीत ओतला.

बिल आलं की सर्व्हिस चार्जची ओळ बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या सूचनांप्रमाणे तो सक्तीचा नाही. काढायला सांगता येतो. आम्ही काढायला लावला आणि त्या पोराच्या हातात रोख दिले.

उरलेलं बांधून मागायला लाजू नका. पेस्ट्री रिक्षातच वितळते, पण स्कोन टिकतात. दुसऱ्या दिवशी ताईंनी ते तव्यावर झाकण ठेवून गरम केले. जॅम घरात नव्हता. लोणी लावलं आणि वर शेंगाचटणी.