बॉल काढल्यानंतरचा पहिला पास: सरावाआधीची तयारी

फुटबॉलच्या सरावाच्या वहीत सगळ्यात वर एक ओळ लिहून ठेवा: प्रतिस्पर्ध्याकडून बॉल काढला की शिट्टी वाजवायची नाही. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. डिफेंडर बॉल काढतो, कोच ‘शाब्बास’ म्हणत शिट्टी फुंकतो आणि बॉल पुन्हा पहिल्या गटाकडे जातो. असं शंभर वेळा झालं की खेळाडूच्या अंगवळणी पडतं, बॉल काढला म्हणजे आपलं काम झालं. मग सामन्यात तो झकास टॅकल करतो, क्षणभर पायाकडे बघत राहतो, आणि ज्याच्याकडून बॉल घेतला तोच मागून पाय घालून परत नेतो. यात त्याची चूक नसते, आपण त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. म्हणून योजनेतल्या प्रत्येक ड्रिलपुढे लिहा, बॉल मिळाल्यावर तो कुठे जाणार. उत्तर सुचत नसेल तर ते ड्रिल त्या दिवशी घेऊ नका.

सामान आदल्या दिवशीच बघून घ्या. दोन रंगांचे बिब (संघ ओळखायला वरून घालायचे बिनबाह्यांचे जॅकेट), मार्कर आणि नीट हवा भरलेले आठ-दहा बॉल. बॉल जास्त लागतात, कारण एक बाहेर गेला की दुसरा लगेच आत टाकायचा असतो. बॉल आणायला कोणी पळालं की सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि लय तुटते. गटही कागदावरच पाडा.

सुरुवात रोंडोने करा, साधारण दहा मीटरच्या चौकोनात पाच विरुद्ध दोन: कडेचे पाच जण बॉल फिरवतात, मधले दोघं तो काढायला बघतात. फक्त नेहमीचा एक नियम बदला. मधल्या दोघांपैकी एकाने बॉल काढला की डाव संपत नाही. त्याने जोडीदाराला पास द्यायचा आणि जोडीदाराने बॉल चौकोनाबाहेर न्यायचा. बाहेरचे पाचही जण त्याच क्षणी त्यांच्यावर तुटून पडणार. एवढ्या बदलाने दोघं बॉल काढतानाच एकमेकांकडे बघायला लागतात.

मुख्य खेळासाठी एकमेकांना लागून दोन चौकोन आखा, प्रत्येकी १२ ते १५ मीटरचे. चार-चारचे दोन संघ. एक संघ आपल्या चौकोनात बॉल फिरवतो, दुसऱ्याचे दोन जण तो काढायला येतात आणि उरलेले दोन जण पलीकडच्या चौकोनात थांबतात. बॉल मिळाला की तो पलीकडच्या सोबत्यांना पोचवायचा आणि मागोमाग धावत तिकडे जायचं. आता गमावणाऱ्या संघाचे दोघं पाठलाग करणार. खेळाडू १६ असतील तर अशी दोन मैदानं करा. डाव दोन मिनिटांचा ठेवा आणि जवळजवळ तेवढीच विश्रांती द्या. दमलेला खेळाडू अर्ध्या मनाने प्रेस करतो, म्हणजे बॉलवाल्यावर दाब टाकतो, आणि नंतर तीच सवय लागते, म्हणून विश्रांतीत कंजुषी नको.

आता मैदानात काय बघायचं तेही ठरवून जा. दाब कधी टाकायचा याच्या खुणा बऱ्याच आहेत: प्रतिस्पर्ध्याचा पहिला टच लांब गेला, त्याने आपल्याकडे पाठ करून बॉल घेतला, पास हळू किंवा उसळता आला, बॉल साइडलाइनकडे गेला, मागे गोलकीपरकडे गेला. १९९२ पासून सोबत्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे शेवटची खूण फार कामाची आहे. तरी एका सेशनला दोनच खुणा निवडा. पाचही सांगितल्या तर खेळाडू विचार करत उभा राहतो.

जवळ जाण्याची पद्धत मात्र सावकाश दाखवा, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पास वाटेत असताना जोरात धावायचं. शेवटचे दोन-तीन मीटर पावलं आखूड करायची, गुडघे वाकवायचे, एक पाय पुढे ठेवून अंग तिरकं धरायचं. सरळ रेषेत न जाता थोडं वळसा घेऊन जायचं, म्हणजे आपल्या पाठीमागचा पासही बंद होतो. मुलं धावत जाऊन थेट पाय घालतात आणि एका टचमध्ये मागे पडतात. थांबवायचं असेल तर याच चुकीसाठी खेळ थांबवा. हाक मागच्याने द्यायची, कारण त्याला सगळं दिसतं. ‘जा’ आणि ‘अडव’ हे दोन शब्द पुरतात.

सेकंद मोजायचे का, तेही आधीच ठरवा. जर्मन प्रशिक्षक राल्फ रांगनिक यांच्या सरावात बॉल गमावल्यावर आठ सेकंदांत तो परत मिळवण्याचा नियम असे. मी पाचपर्यंत मोठ्याने मोजतो आणि तोवर बॉल मिळाला नाही तर सगळ्यांना मागे येऊन आकार धरायला, म्हणजे आपापल्या बचावाच्या जागी उभं राहायला लावतो. या घाईमागे कारण आहे. नुकताच बॉल काढलेल्याची मान खाली असते, त्याचे सोबती अजून बचावासाठी गोळा झालेले असतात, पास द्यायला बाजूला कोणी पसरलेलं नसतं. तेच उलटं आपल्याला लागू होतं: बॉल आपण काढला की तोच गोंधळ आपल्याकडे असतो आणि समोरचे तुटून पडणार असतात. म्हणून पहिला पास गर्दीच्या बाहेर. पुढे मोकळा सोबती असेल तर पुढे, नाहीतर बाजूला किंवा मागे, पण गर्दीत नाही. आणि तो पास घ्यायला लांबच्या दोघांनी बॉल निघायच्या आधीच पसरायला हवं. विंगरकडून, म्हणजे कडेने खेळणाऱ्यांकडून, हे करून घ्यायला वेळ लागतो.

गोलकीपरला एका कोपऱ्यात वेगळं ठेवू नका. २०१९ पासून गोलकिक (गोलजवळून बॉल परत खेळात आणणारी किक) पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या, आतही सोबत्याला देता येते, त्यामुळे तिथे दाब टाकण्याची आणि दाबातून बाहेर पडण्याची दोन्ही तयारी शेवटच्या खेळात बसवा.

साइडलाइनला कागद घेऊन एक जण बसवा, जखमी खेळाडू असेल तर उत्तम. त्याने दोनच रकाने भरायचे: बॉल किती वेळा काढला, आणि त्यानंतरचा पहिला पास आपल्याच माणसाला किती वेळा पोचला. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून कमी आला तर पुढच्या सेशनला नवीन ड्रिल आणू नका. दोन चौकोनांचाच खेळ घ्या, चौकोन थोडे मोठे आखा आणि शिट्टी खिशात ठेवा.