आजीच्या ट्रंकेतल्या साडीवरून पन्नास-साठच्या दशकातलं फॅशन इलस्ट्रेशन कसं काढायचं

आधी घरातली जुनी ट्रंक उघडा, पेन्सिल नंतर. मी दोन वर्षं नेटवरची पॅरिसच्या गाउनची जुनी स्केचेस बघून बघून काढली, हात छान बसला पण चित्रं निर्जीव यायची, आणि कारण साधं होतं, ज्या कापडाला कधी हात लावला नाही ते कसं पडतं, कुठे फुगतं, कुठे चिकटतं हे मला माहीतच नव्हतं. मग एका दिवाळीत आमच्या इंदूरच्या मल्हारगंजमधल्या जुन्या घरी माळा साफ करताना आजीची ट्रंक खाली काढली, त्यात एक मोरपंखी जॉर्जेट, दोन चंदेरी, एक महेश्वरी आणि पाच-सहा ब्लाउज निघाले, आणि तिथून माझं चित्र बदललं. तर हे सगळं त्या ट्रंकेपासूनच सांगते.

जुनं कापड काढताना घाई करू नका. हात धुऊन, अंगठ्या-बांगड्या काढून, पलंगावर स्वच्छ चादर घालून त्यावर घडी हळूहळू उलगडा. रेशमाची घडी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की तिथला धागा कुजतो, माझ्या हातून एक चंदेरी अशीच घडीवर सरळ चिरली आणि अजून वाईट वाटतं. जुनी साडी हँगरवर लटकवायची नाही, स्वतःच्या वजनाने ताणते, आणि चित्रासाठी कुणाला नेसवायचीही नाही. नेसवायला तशाच जातीची नवी घ्या, आपल्या क्लॉथ मार्केटात किंवा सीतलामाता बाजारात साधी जॉर्जेट मिळून जाते. जुनी फक्त बघायला, हातात धरायला आणि खुर्चीच्या पाठीवर मऊ टॉवेल टाकून त्यावर थोडा वेळ सोडून पडते कशी ते पाहायला.

सोबत घरातले फोटो काढा. पन्नासच्या दशकातल्या फोटोत ब्लाउज बहुतेक कोपरापर्यंत बाह्यांचे दिसतील, कधी बाहीला छोटा फुगा, लांबी कमरेच्या जवळ. साठच्या दशकात बाह्या आखूड होत होत स्लीव्हलेसपर्यंत गेल्या, गळा बोटनेक झाला, साडी अंगाला घट्ट लपेटली जायला लागली, नायलॉन आलं आणि केसांना वर फुगा आला. १९६० नंतरच्या फोटोत कपाळावर साधना कट, म्हणजे नटी साधनासारखी कपाळावर सोडलेली केसांची झालर, दिसला तर दशक ओळखायला दुसरं काही बघायची गरज नाही. ब्लाउज उलटा करून आतली शिवणही बघा, टक्स (कापड चिमटून घातलेल्या शिवणी) कुठे आहेत, कटोरी (छातीचा वाटीसारखा तुकडा) आहे का, हूक पुढे आहेत की मागे. टक्स जिथे संपतो तिथूनच कापडाची सुरकुती निघते आणि चित्रात तीच एक रेघ बरोबर आली की ब्लाउज शिवलेला वाटतो, नाहीतर अंगावर रंगवल्यासारखा दिसतो.

आता मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. माझी आत्या, वय ब्याऐंशी, तिला मी मोठ्या हौसेने चित्र दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, पदर असा पाठीवर आपोआप नाही राहायचा, आम्ही पिन कुठे लावत होतो? एक हात सारखा पदराकडेच असायचा." मी जाऊन फोटो परत बघितले, आणि खरंच, कुणी पदराचं टोक पुढे घेऊन धरलंय, कुणी कमरेला खोचलंय, कुणी खांद्यावर दोन बोटं ठेवलीयत. म्हणजे त्या काळातली पोज ही कापडातून आली होती! पॅरिसमध्येही तसंच की. १२ फेब्रुवारी १९४७ ला ख्रिस्तियन डिओरने पहिलं कलेक्शन दाखवलं, पुढे त्याला न्यू लुक म्हणायला लागले, त्यात कंबर आवळलेली, खांदे उतरते आणि मीटरच्या मीटर कापडाचा घेर. असा घेर घालून चालायचं तर बाईचं उभं राहणंच बदलतं, आणि डिओरसाठी चित्रं काढणाऱ्या रने ग्रुओच्या चित्रांतली ती मान उंच, कंबर मागे, हात लांब अशी ऐट तिथूनच येते. म्हणून चित्र काढायच्या आधी ती नवी साडी नेसून आरशासमोर उभ्या राहा, पिन न लावता, आणि दहा मिनिटं घरात वावरा. मुलगे असाल तर बहिणीला, मावशीला, कुणालाही विनंती करा आणि बघत बसा. व्होग मासिकासाठी काढणारा कार्ल एरिक्सन, जो नुसता एरिक म्हणून सही करायचा, तो समोर माणूस असल्याशिवाय काढतच नसे.

फिगरचं माप. खरा माणूस साधारण साडेसात डोकी, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या साडेसातपट, उंच असतो, फॅशनच्या चित्रात नऊ डोकी धरतात आणि जास्तीची सगळी लांबी पायात टाकतात. फ्रॉक-गाउनला हे छान दिसतं. साडीला मात्र माझ्या मते आठ पुरे, कारण पाय दिसतच नाहीत, सगळी लांबी निऱ्यांत जाते आणि नऊ केलं की बाई खांबासारखी दिसते. ए-थ्री कागदावर ३६ सेंटीमीटरची उभी रेघ मारा, साडेचार-साडेचार सेंटीमीटरचे आठ भाग करा, पहिल्यात डोकं, तिसऱ्याच्या शेवटाला जरा वर कंबर, चौथ्याच्या शेवटी मांड्यांची सुरुवात. मग गळ्याच्या खळगीतून एक सरळ ओळंबा खाली सोडा, ज्या पायावर भार आहे तो पाय त्या रेघेवर यायलाच हवा, नाहीतर बाई पडतेय असं वाटतं आणि का वाटतं ते समजत नाही. भार असलेल्या बाजूचं नितंब वर, त्याच बाजूचा खांदा खाली. एवढं जमलं की हलक्या हाताने साडी चढवायला घ्या.

साडी नेसवतात त्याच क्रमाने काढायची, हे फार महत्त्वाचं आहे. आधी कंबरेचा वेढा, मग निऱ्या, मग उजव्या नितंबावरून छातीवरून तिरका डाव्या खांद्याकडे जाणारा भाग, मग पदर. निऱ्यांची तोंडं नेसणाऱ्या बाईच्या डावीकडे, म्हणजे चित्र बघताना आपल्या उजवीकडे. खूप जण निऱ्या कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतरावर काढतात, तसं करू नका, दोन जवळ, एक लांब, एक अर्धवट झाकलेली, आणि भार नसलेला गुडघा जिथे पुढे येतो तिथे निऱ्या फाकतात आणि खाली परत जुळतात. काठ निऱ्यांबरोबर वरखाली होत जातो, तो एका सरळ पट्टीत काढलात तर सगळी मेहनत वाया. नऊवारी काढणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे कासोट्यामुळे पायाचा आकार दिसतो आणि मग नऊ डोक्यांचं माप परत कामाला येतं.

कापडाप्रमाणे रेघ बदलायची. जॉर्जेट जड पडते, तिला लांब, बारीक, न तुटणाऱ्या रेघा, आणि सावली पाण्यात शाई सोडून, कागद ओला असतानाच, ओल्यावर ओलं. चंदेरी कडक असते, हवेत उभी राहते, तिच्या सुरकुत्या कोनात मोडतात, म्हणून तुटक आणि टोकदार रेघ, आणि पदराआडून हात दिसतो तो आधी पूर्ण काढून मग वरून पातळ वॉश, म्हणजे खूप पाणी घातलेल्या रंगाचा हात, द्या. महेश्वरी या दोघींच्या मधली, हलकी पण शिस्तीत पडणारी. तिच्या काठावरची चटई, वीट, हिरा, लाट ही नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडांवरून घेतलेली आहे, आणि इंदूरहून एका दिवसात जाऊन येता येतं तर जाऊन दगडावर एकदा हात फिरवून या, नक्षी हाताला लक्षात राहते. पण चित्रात ती पूर्ण काढायची नाही. दोन-तीन ठिकाणी नीट काढा, बाकी काठ नुसत्या दोन रेघांत सोडून द्या, डोळा आपोआप भरून घेतो.

सोडून देणं हेच या कलेतलं सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारं काम आहे. त्या काळात वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, फोटोचा हाफटोन ब्लॉक (बारीक ठिपक्यांचा छपाईचा ठसा) त्यावर काळवंडायचा, आणि रेषाचित्राचा लाइन ब्लॉक (नुसत्या रेघांचा ठसा) स्वस्तही पडायचा आणि स्वच्छही छापला जायचा. म्हणून कपड्यांच्या दुकानांच्या जाहिराती चित्रकार काढायचे, आणि म्हणून रेघा थोड्या, काळा भरगच्च आणि पांढरं मोकळं. तुम्हीही असं समजा की चित्र दोन इंचांत छापलं जाणार आहे, जी रेघ तिथे बुजेल ती मारायचीच नाही. ग्रुओने मिस डिओर अत्तरासाठी एक जाहिरात केली, बाईचा फक्त हात आणि त्याखाली बिबट्याचा पंजा, बाई कुठेच नाही, तरी ती कशी असेल ते कळतं.

आपल्याकडचं नाव भानू अथैय्यांचं. कोल्हापूरच्या, जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, आणि सिनेमाचे कपडे करायच्या आधी त्या मुंबईत बायकांच्या मासिकांसाठी फॅशन इलस्ट्रेशन काढायच्या, त्यातलं एक ईव्ह्ज वीकली. पुढे १९८३ मध्ये त्यांना गांधी सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण सुरुवात मासिकाच्या पानावरच्या रेघेतून झाली हे मराठी मुलींना कुणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

आणि इंदूरकरांसाठी अजून एक. आपल्या दुसऱ्या यशवंतराव होळकर महाराजांची आणि संयोगिताराणींची प्रसिद्ध पोर्ट्रेट्स काढणारा बर्नार्ड बूते द मोन्व्हेल हा मुळात पॅरिसच्या फॅशन मासिकांसाठी चित्रं काढणारा माणूस. १९२९ मध्ये त्याने महाराजांना पाश्चात्त्य इव्हनिंग ड्रेसमध्ये काढलं, नंतर मराठी पोशाखात. आपल्या विषयापेक्षा हा वीसेक वर्षं आधीचा काळ, पण ते दुसरं चित्र मोठं करून बघाच, पांढरा पोशाख, पांढरी गादी, आणि नुसत्या घड्यांच्या कडांनी माणूस वेगळा केलाय. चंदेरी काढायला मी त्यातूनच शिकले.

सामान जास्त लागत नाही. टूबी पेन्सिल, जाड कार्ट्रिज पेपर, सहा नंबरचा गोल ब्रश, कॅम्लिनची वॉटरप्रूफ काळी शाई, आणि पोस्टर कलरमध्ये लाल, पिवळसर गेरू आणि पांढरा. ब्रश लगेच धुवा, ही शाई केसांत वाळली की ब्रश गेला. पेन्सिलचं कच्चं चित्र झालं की खिडकीच्या काचेला लावा, वर कोरा कागद ठेवा आणि ब्रशने एका दमात उतरवा, मनगट न टेकवता, खांद्यातून. पहिले पाच-सहा कागद बिघडतील, बिघडू द्या, सातव्यात हात मोकळा होतो. खादी किंवा जाडं सुती असेल तर ब्रश जवळजवळ कोरडा करून घासा, पोत आपोआप येतो. जरीचं काम काढताना सोनेरी रंग अजिबात वापरू नका, चिखलासारखा दिसतो, त्याऐवजी गेरू आणि मध्येमध्ये कोरा कागद, चमक त्या कोऱ्या जागेची असते. रंग एकच ठळक ठेवा, लाल असेल तर ब्लाउजला किंवा ओठांना, दोन्हीकडे नको.

चेहऱ्याला फार वेळ देऊ नका. भुवई, पापणीची वरची रेघ, ओठ, नाकाला एक ठिपका. अंबाडा मात्र भरीव काळा आणि त्यात गजऱ्यापुरती जागा पांढरी, म्हणजे डोक्याला वजन येतं आणि खालच्या निऱ्यांशी तोल साधतो. हातात पर्स असेल तर कोपरात अडकवलेली, आणि मनगटावर छोटं घड्याळ.

शाई वाळली की कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहा, साडी कुणाची, कापड कोणतं, रंग कसा, साधारण कधीची, आणि पदर कसा धरायची ते. मग साडी परत ठेवा. आधीच्या घडीवरच पुन्हा घडी घालू नका, वेगळ्या जागी मोडा, मलमलच्या जुन्या धुतलेल्या तुकड्यात गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, आणि दर काही महिन्यांनी काढून घडी बदलत राहा. मी तर घडी बदलायला काढते तेव्हाच पुढचं चित्र काढून घेते.